अण्णांचा नंबर मोटारीला

माझ्या आईला मनातलं बोलायला उभ्या जगात एकच जागा होती. ती सरकारनं नासवली. हे मी रागाच्या भरात लिहितेय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या. राग येऊन गेला कधीच. आता उरलीय ती किळस, दुधात पाल पडल्यावर येते तसली. दूध ओतून टाकलं तरी ते भांडं पुन्हा हातात धरवत नाही.

ती जागा म्हणजे एक मोबाईल नंबर. माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली, पण त्यांचा नंबर परवापरवापर्यंत चालू होता, आणि चांगला कामाला लागलेला होता.

आमचं गाव ढोकीच्या जवळचं, सगळा उसाचा पट्टा. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचं धोतर, चपला, छत्री कुणाला ना कुणाला देऊन टाकतात. मोबाईल नातवंडं घेतात. सिम मात्र मोटारीला जातं. शहरातल्या माणसाला हे वाचून हसू येईल, म्हणून नीट सांगते. विहिरीवरच्या मोटारीला हल्ली एक डबी बसवतात, मोबाईल स्टार्टर म्हणतात तिला. तिच्यात सिम घालायचं. शेतातली लाईट आली की ती डबी आपल्याला फोन करते. तो उचलायचा नाही, वाजू द्यायचा. मग आपण तिला फोन लावून एक आकडा दाबला की मोटार चालू, दुसरा दाबला की बंद. शेतीला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा भर थंडीत रात्रीचं उसाला पाणी द्यायला उभं करायला पाहिजे, म्हणजे डबीची किंमत त्याला कळेल.

तर डबी आली तेव्हा भाऊ मला म्हणाला, "आक्का, नवीन सिम घ्यायचं म्हंजे पुन्ना अंगठा द्या, फोटो द्या. अण्णांचं कार्ड हाय की पडून. नंबर बी समद्यांच्या तोंडात हाय." मी म्हटलं, घाल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पंचक्रोशीत अशा कितीतरी डब्या आहेत. कुणाचा मेलेला सासरा पाणी देतो, कुणाचा चुलता. एका वस्तीवर तर कुणाच्या तरी आजीचं कार्ड आहे, आणि ती आजी जिवंतपणी पडायच्या भीतीनं विहिरीकडं फिरकतसुद्धा नव्हती.

फोनमधलं नाव कुणीच बदललं नाही. त्यामुळं लाईट आली की आमच्या घरातले फोन एकापाठोपाठ एक वाजायचे. भावाचा, भावजयीचा, आईचा, आणि बांधाशेजारच्या काकांचा, कारण विहीर त्यांची आमची सामाईक. स्क्रीनवर ‘अण्णा’. भावजयीच्या फोनवर ‘मामा’. सुरवातीला काळजात लक्कन व्हायचं. मग सवय झाली. भावजय चुलीपुढून ओरडायची, "आवं, मामांचा फोन आला, उठा, लाईट आली!" आणि भाऊ डोळे चोळत म्हणायचा, "मेल्यावर बी झोपू देत न्हायत." आई हे ऐकून हसायची. अण्णा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती ह्या डबीमुळं, म्हणून त्या डबीवर माझा जीव होता.

त्या डबीत एक माईकही आहे. मोटार खरंच सुरू झाली की नुसतीच लाईट खाते, हे घरबसल्या कळावं म्हणून. फोन लावून काहीच न दाबता कानाला धरून बसलं की विहिरीवरचा आवाज ऐकू येतो. मोटार चालू असली की घरघर, नसली की उसातला वारा, पाखरं, मधेच कुणाच्या तरी बैलाच्या घुंगराचा आवाज. आपण कट करेपर्यंत डबी फोन ठेवत नाही. तिला स्वतःची बॅटरी आहे, म्हणजे लाईट नसली तरी ती फोन उचलतेच.

दुपारी सगळे रानात गेले की आई घरामागच्या न्हाणीच्या दगडावर बसायची आणि अण्णांना फोन लावायची. अण्णा उचलायचे. मग ती बोलायची.

हे मला कळलं ते असंच. मी धाराशिवला असते, शाळेत शिकवते. एका सुट्टीत गावी गेले होते. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत शिरले तर न्हाणीकडून आवाज आला. "आवं, ऐकलं का. आज शेवग्याच्या शेंगा केल्या हुत्या." मला वाटलं शेजारीण बसलीय. मग ऐकू आलं, "तुमाला लागत्यात तशा, कूट घालून." मी आल्या पावली मागं फिरले. ओसरीवर येऊन मुद्दाम घागर आपटली, पाणी सांडलं, स्वतःशीच मोठ्यानं बडबडले. थोड्या वेळानं आई पदरानं तोंड पुसत आली. "कवा आलीस गं?" "ही काय, आत्ताच." विषय संपला.

ह्यात मी काही मोठं शहाणपण केलं नाही. आमच्याकडची ती रीतच आहे. आमची घरं बघितलीत का? एका अंगाला चूल, एका अंगाला खाट, मधे फार तर जुन्या साडीचा पडदा. ह्याच घरात नवी जोडपी नांदतात, म्हातारी माणसं कण्हतात, सुना रडतात, जावा भांडतात. कानावर सगळंच पडतं. पण ऐकलं असं कुणी दाखवत नाही. सून रडतीय असं लक्षात आलं की सासू उगाचच म्हशीवर ओरडायला लागते. म्हातारा झोपेत बरळला तर सकाळी त्याला कुणी विचारत नाही. येतानाच खाकरायचं, भांडं वाजवायचं, लांबूनच हाक मारायची. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळं ह्याला पुस्तकात काय म्हणतात ते मला माहीत आहे. आईला तो शब्द सांगितला असता तर तिनं विचारलं असतं, "हे काय आनि?" पण तिनं तो जन्मभर पाळला. शेजारणीचं भांडण कानावर पडलं तरी ती जातं फिरवायला घ्यायची, दळायला काही नसलं तरी.

नवरात्र जवळ आलं होतं. तुळजापूरची गर्दी व्हायच्या आधी सगळीकडं बंदोबस्ताची गडबड चालू असते, तसलेच ते दिवस. रविवार होता. मी सकाळी स्कूटीवरून गावी आले, आईला पेढे आवडतात म्हणून येडशीला थांबून पेढे घेतले. जेवणं व्हायच्या वेळेला दारात पांढरी गाडी थांबली. तिघं उतरले. साध्या कपड्यातले. पुढचा तरणाबांड, कोरलेली दाढी, हातात टॅब. कुठल्या खात्याचे, म्हणून विचारलं तर त्यानं ओळखपत्र दाखवलं, पण कसं? जत्रेतला पत्तेवाला राणी दाखवतो तसं. दिसलं दिसलं म्हणेपर्यंत खिशात.

त्यानं अण्णांचं पूर्ण नाव घेतलं. "कुठं आहेत?"

"ते वारले की," भाऊ म्हणाला.

"मग त्यांचा फोन कसा काय चालू आहे?"

आमचा भाऊ म्हणजे एक नंबरचा येडा. त्यानं दात काढले. "त्यो व्हय? अण्णा पाणी देत्यात साहेब."

दाढीवाला हसला नाही. त्यानं टॅबवर बोट फिरवलं आणि शाळेत पोरं पाठ म्हणतात तसं म्हणायला लागला. मृत माणसाचा नंबर. जागचा हलत नाही. वेळी-अवेळी ठरावीक फोनांना पाठोपाठ कॉल करतो, कुणी उचलत नाही. लगेच त्यातला एकजण उलट फोन लावतो. "असल्या नंबरवरून स्फोट घडवतात, माहितीय का? सिस्टीमनं तुम्हाला लाल केलंय." मग पुढं, भावाच्या अंगठ्यावर युरियाच्या गोण्या जरा जास्तच उचलल्यात. विहिरीला सुरुंग लावणाऱ्या ठेकेदाराशी त्याचं सारखं बोलणं झालंय. हैदराबादला फोन जातात.

"साहेब, ऊस हाय, युरिया लागतोच की. विहीर खोल केली म्या. आन हैदराबादेत मावशी हाय आमची, म्हातारी."

"सिस्टीमला विहीर कळत नाही," तो म्हणाला. आणि हे सांगताना त्याला लाज नव्हती वाटत, कौतुक वाटत होतं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग कळतं तरी काय तुमच्या सिस्टीमला?"

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. "मॅडम, तुम्ही सकाळी येडशीला थांबला होतात. बराच वेळ. दुकानात गर्दी होती का?"

अंगावरून गोम गेल्यासारखं झालं. पेढ्यांचा पुडा अजून माझ्या पर्समध्ये होता, आईला द्यायचा राहिला होता. ह्या माणसाला तो आईच्या आधी दिसलेला होता. पुढं कितीतरी दिवस मला पेढा बघवला नाही. त्यानं माझं काय चोरलं, असं कुणी विचारलं तर मला बोट दाखवता येणार नाही. पण न्हाणीत आंघोळ करताना कुणीतरी फटीतून बघत होतं हे नंतर कळल्यावर बाईला जसं वाटतं, तसंच वाटलं. आणि वर तो सांगतोय, मॅडम, आम्ही तुमच्याच सुरक्षेसाठी बघत होतो.

सगळे विहिरीवर गेले. भावानं डबी उघडून दाखवली. आत कार्ड, दोन वायरी, मुंग्यांचं वारूळ. मागचे दोघं खो खो हसायला लागले. त्यातल्या एकाच्या सासुरवाडीलापण अशीच डबी होती म्हणे. दाढीवाल्यानं फोटो काढले, कार्ड काढून पाकिटात टाकलं. मेलेल्या माणसाचं कार्ड वापरणं गुन्हा आहे, ह्या वेळेला सोडतो, म्हणाला. भावानं हात जोडले. इथं हे सगळं संपायला हवं होतं. संपलं असतं तर मीही नंतर लोकांना हसून सांगितलं असतं, आमच्या अण्णांना सरकारनं अतिरेकी ठरवलं होतं म्हणून.

पण ते परत घरी आले. तोपर्यंत दारात गाडी बघून माणसं जमली होती. शेजारच्या दोन बाया, बांधाशेजारचे काका त्यांच्या फटफटीवर एक पाय टेकवून उभे. त्या फटफटीचा सायलेन्सर फुटलेला, ती सुरू झाली की अख्ख्या गल्लीनं शिव्या घालायच्या. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"एक राहिलंय," दाढीवाला म्हणाला आणि एक नंबर वाचून दाखवला. "हा कुणाचा?"

"आईचा," भाऊ म्हणाला.

"दुपारचे कॉल आहेत हे. लाईट नसताना. पाऊण पाऊण तास. डबीशी पाऊण तास कोण बोलतं? तिथं फोन घेतं कोण?"

भावाला खरंच माहीत नव्हतं. तो आईकडं बघायला लागला. भावजयीला माहीत असावं, कारण तिनं मान खाली घातली. आईनं पदर दातात धरला. मला पुढं काय होणार ते दिसलं. जगातल्या सगळ्या गोष्टी ह्या माणसानं विचाराव्यात, युरिया विचारावा, पेढे विचारावेत, पण हे विचारू नये. मी म्हटलं, "अहो, वय झालंय तिचं. हातातनं चुकून लागत असतील. तिला काही विचारू नका. जे काय असेल ते मला विचारा."

"तुम्ही होतात का त्या कॉलवर?"

"नाही."

"मग?" तो आईकडं वळला आणि आवाज गोड करून म्हणाला, "आजी, घाबरू नका. आम्ही ऐकलंय सगळं. हा नंबर बरेच दिवस ऐकण्यावर होता. तुम्ही फक्त सांगा, समोर कोण असतं?"

म्हणजे ह्यानं ऐकलेलं होतं! एक म्हातारी बाई तिच्या मेलेल्या नवऱ्याला शेवग्याच्या शेंगा सांगते, हे त्याला पुरतं माहीत होतं. मग विचारायचं कशाला? मी तेच विचारलं. तर म्हणाला, "रिपोर्टला ‘समोरची व्यक्ती’ असा रकाना आहे मॅडम. तो रिकामा ठेवता येत नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तर बरं."

आई काय बोलणार होती? शेजारणींच्या समोर, लेकाच्या समोर? तेव्हा त्यानं टॅबवर बोट ठेवलं. आणि आमच्या अंगणात, भर दुपारी, माझ्या आईचा आवाज आला.

"आवं, ऐकलं का. आज लई दुखतंय. आंग बाहेर येतंय. बसाया येईना की उठाया येईना. पोरीला सांगाव तर ती डाक्टरपुढं न्हेऊन निजवंल. सुनंला कुठल्या तोंडानं सांगू? तुमालाच सांगती..."

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाळंतपणं, डोक्यावर पाट्या, आयुष्यभर वाकून खुरपणं, ह्या सगळ्यानं बाईचं गर्भाशय सैल पडतं, खाली उतरतं. आमच्याकडच्या बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. तेही एकमेकींच्या कानाला लागून, कुणी पुरुष आसपास नाही हे बघून. पोटच्या पोरीलाही सांगत नाहीत. माझ्या आईनं मला सांगितलं नव्हतं. तिनं ते एका विहिरीला सांगितलं होतं, आणि ते आता एक कोरीव दाढीवाला माणूस चारचौघांत वाजवत होता.

आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. भावजयीनं हातातली स्टीलची कळशी फरशीवर सोडून दिली. ती गडगडत गेली, तिनं ती उचलली आणि भांडी घासायच्या राखेनं अशी घासायला लागली की कानठळ्या बसाव्यात. काकांनी फटफटीला किक मारली. पहिल्याच किकेला कधी सुरू न होणारी ती, त्या दिवशी झाली, आणि काकांनी मूठ पिळून धरली. भाऊ गोठ्याकडं वळून म्हशीवर ओरडायला लागला. म्हैस बिचारी निवांत रवंथ करत होती. शेजारच्या बाया एकमेकींत भांडायला लागल्या, कशावरून देव जाणे. कुणी कुणाकडं बघितलं नाही. सगळं अंगण एकाएकी आवाजानं भरून गेलं, आणि त्या आवाजाखाली टॅबमधला आईचा आवाज बुडाला. ती ‘हे कवापास्नं...’ असं काहीतरी सांगत होती, तेवढ्यावर फटफटी चढली.

मी मात्र तशी शहाणी निघाले नाही. मी सरळ त्याच्या टॅबवर हात ठेवला. "बंद कर. तुझ्या आईचं लावू का असं चौकात?"

"मॅडम, भाषा," तो म्हणाला. पण बंद केलं. काकांनी फटफटी थांबवली नाही. त्या आवाजातच त्यानं टॅबवर काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिता स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाला, "एकटीच व्यक्ती. समोर कुणी नाही."

समोर कुणी नाही. पन्नासेक वर्षांच्या संसाराचा हा निकाल त्यानं लावला, उभ्या उभ्या, आमच्या तुळशीच्या कट्ट्यावर पाय ठेवून.

जाताना तो थांबला आणि आईला म्हणाला, "आजी, दवाखान्यात दाखवा हं. अंगावर काढू नका." ह्याची मला सगळ्यात जास्त शिसारी आली. तो वाईट माणूस असता, दोन शिव्या देऊन गेला असता, तर बरं वाटलं असतं. त्याला दया आली होती. न विचारता घरात घुसलेल्या माणसानं जाताना गादी नीट करून जावं, तसली दया. लोक मला सांगतात, अहो, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, लपवायला काही नसेल तर भ्यायचं कशाला. त्यांना मी विचारते, तुमच्या आईला लपवायला काहीच नाही का हो? आणि नसेल, तर बिचारीनं आयुष्य तरी कसलं काढलं?

गाडी गेल्यावर माणसं पांगली. काका फटफटीवरून गेले, जाताना आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भावजयीनं ताटं वाढली. आई जेवायला बसली. "भाजीत मीठ जरा जास्त झालंय," ती म्हणाली. "व्हय आत्याबाई, हात पडला," भावजय म्हणाली. त्याच्यावर सगळे मिठाबद्दलच बोलत राहिलो. भावजयीनं पेढे वाटले. आईनं एक खाल्ला.

रीत पाळायची म्हटलं तर एवढं बरोबर होतं. कुणीच काही ऐकलं नव्हतं. पण आता दुसरंच त्रांगडं होऊन बसलं. मला कळलेलं होतं की तिला दुखतंय. न ऐकल्यासारखं करावं तर ती तशीच दुखणं काढत राहणार. ऐकलं म्हणावं तर तिला माझ्यासमोर मान वर करता येणार नाही. त्या माणसानं मला असल्या जागी आणून उभं केलं की कुठल्याही बाजूला पाय टाकला तरी तो आईच्याच अंगावर पडणार.

संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले. "आई, माझ्याबरोबर चार दिवस धाराशिवला चल की."

"कशाला?"

"मला डॉक्टरकडं जायचंय. एकटीला नको वाटतंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "दुपारी तू काय ऐकलंस?"

"कुठं काय? काकांची फटफटी केवढी बोंबलत होती, मला तर कुणाचंच काही ऐकू आलं नाही."

"व्हय," आई म्हणाली. "त्येचं सायलेन्सर बदलाया पायजे."

आली ती माझ्याबरोबर. का आली, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी आधीच जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून ठेवलं होतं. भल्या बाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा माझी नाडी बघितली, बीपी बघितलं, नाटक व्यवस्थित केलं. मग म्हणाल्या, "आजी, आता आलाच आहात तर तुमचंही बघू या. खाली जड वाटतं का हो? बसताना, उठताना काही त्रास? कधीपासून आहे?"

आई तोंड उघडणार होती. मी तिच्या शेजारीच होते, तिचा श्वास मला ऐकू आला. तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. डॉक्टरीणबाईंचा मोबाईल तिथं उताणा पडला होता.

"ते बंद करा," आई म्हणाली.

त्यांनी लगेच बंद केला. आई तरी बघतच राहिली, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावला. आईनं खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ, वजनकाटा, बीपीचं मशीन. मग ती माझ्याकडं वळली.

"मला काय बी न्हाय बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पोरीच्या सोबतीला आलीया म्या." तपासणीच्या टेबलावर ती चढलीच नाही. आम्ही दोघींनी विनवलं, हात धरला, पण नाहीच. मला बाहेर बोलावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे किती दिवसांचं आहे तेवढं तरी कळायला हवं होतं. उतरत असेल तर वाढत जातं. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. नेमकं तेवढंच वाक्य फटफटीच्या आवाजात गेलं होतं. ते त्या दाढीवाल्याला माहीत आहे. कुठल्यातरी कपाटाएवढ्या मशीनमध्ये ते अजून असेलही, तारखेसकट. माझ्या आईला कधीपासून दुखतंय ते सरकारला ठाऊक आहे, तिच्या लेकीला नाही.

गावाकडं आता डबीत भावाच्या नावाचं नवीन कार्ड आहे. फोनवर ‘मोटार’ असं नाव येतं. लाईट आली की भावजय ओरडत नाही, नुसतं भावाला हलवून उठवते.

दवाखान्यातून परत येताना आम्ही रिक्षात बसलो होतो. आई म्हणाली, "तुजा फोन बंद कर." मी केला. "लांब ठेव." मी पर्समध्ये टाकला, पर्स पायाशी सरकवली. ती बोलणार असं मला वाटलं. मी रस्त्याकडं तोंड करून बसले, म्हणजे तिला माझ्या तोंडाकडं बघावं लागू नये. मग तिनं अगदी हळू विचारलं, "बंद केल्यावर बी ऐकत्यात का गं?"

नाही म्हणायचं होतं मला. नागरिकशास्त्र शिकवते मी. पण येडशीचे पेढे आठवले आणि जीभ रेटेना.

आईनं माझ्याकडं एकदा बघितलं, पदर तोंडावर ओढून घेतला, आणि घर येईपर्यंत तशीच बसून राहिली.